एमओयूच्या फोटोनंतर काय? आयटीआय, कारखाने आणि गावातल्या नोकऱ्या (अनुभव धागा)

पाना_पक्कड
परवा एका आयटीआयच्या व्हरांड्यात 'संस्था व्यवस्थापन समिती' असा रंग उडालेला फलक दिसला आणि 2007-08 ची ती धामधूम आठवली. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: केंद्राने तेव्हा देशातल्या 1396 सरकारी आयटीआयसाठी प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, तेही थेट समितीला. अध्यक्ष उद्योगातला, चार सदस्य जवळचे कारखानदार, पाच सरकारने नेमलेले, प्राचार्य सचिव. 20 टक्क्यांपर्यंत प्रवेश समितीच्या हातात (तोच तो आयएमसी कोटा). पहिली 10 वर्षं हप्ता नाही, पुढच्या 20 वर्षांत फेड. म्हणजे हप्ते अजून चालू आहेत, हे समितीत नव्याने आलेल्यांना बऱ्याचदा ठाऊकच नसतं. काही ठिकाणी मशिनं आली, काही ठिकाणी पैसा मुदत ठेवीत बसला.

आता पीएम-सेतू, आयटीआय सुधारायची केंद्राची नवी योजना. 1000 आयटीआय, त्यातले 200 हब (मुख्य) आणि 800 स्पोक (त्यांना जोडलेले), पाच वर्षांत 60,000 कोटी, पैकी 10,000 कोटी उद्योगांनी घालायचे. पुन्हा फेटे, पुन्हा फोटो. म्हणून हा धागा. आयटीआय आणि कारखान्याचा करार (एमओयू) झाल्यावर शॉपवर, म्हणजे कामाच्या जागी, नेमकं काय करावं लागतं, काय बिघडतं, ते लिहा. मापं, वेळा, आकडे हवेत. 'आजकालची पोरं आळशी' यासाठी वेगळा धागा काढा.

शिरोलीकर
फाउंड्रीचं (धातूच्या ओतकामाचं) लिहितो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल सगळीकडे दुखणं एकच. आयटीआयत फाउंड्रीमनचा कोर्स एक वर्षाचा, आणि पोरगं शिकतं जमिनीवरचं हातमोल्डिंग. इथे येतं तर समोर हाय-प्रेशर लाइन, म्हणजे साचे दाबून बनवणारी मशिनं. त्याने हाताने साचा मारावा ही कुणाची अपेक्षाच नाही. त्याला सँड लॅब, म्हणजे साच्याची वाळू तपासणं, यायला हवी.

शिकवायचं ते हे: चाचणीचा तुकडा 50 मिमी व्यासाचा, 50 मिमी उंचीचा, रॅमरचे (वाळू ठोकायच्या यंत्राचे) तीन ठोके. उंची 51-52 आली की पोरं चौथा ठोका मारून मोकळी होतात. चूक. चौथ्या ठोक्याने ताकद कागदावर जास्त दिसते आणि लाइनवर साचा ढासळतो. तुकडा टाकायचा, सँडचं वजन कमी करून नवा करायचा. ओल साधारण 3 ते 3.5 टक्के, कॉम्पॅक्टिबिलिटी (सँड ठोकल्यावर किती टक्के दबते ते) 36 ते 42 च्या आत, दर तासाला नोंद. उन्हाळ्यात परतीची सँड 50 अंशांच्या वर असेल तर मिक्सरला बरोबर असलेली ओल साच्यापर्यंत पोचेतो उडून जाते. मग आणखी पाणी मारतात, आणि ब्लोहोल (ओतलेल्या धातूत वायूची भोकं). पाणी मारणं हे उत्तर नाही, सँड थंड करणं हे आहे. एवढं ज्याला कळतं त्याला कुठलाही फाउंड्रीवाला सोडत नाही.

पोरं पळतात ती पहिल्या आठवड्यात, आणि फेटलिंगमधून (ओतलेला भाग घासून साफ करायचं काम). नवीन आलेल्याला ग्राइंडर हातात देऊन धुळीत उभं केलं की सोमवारी तो येत नाही. आधी पॅटर्न शॉप (साच्याचे नमुने), मग कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचे गाभे), मग लॅब, मग भट्टी. फेटलिंग शेवटी, तेही धूळ ओढणारी यंत्रणा चालू असेल तर.

सावकाश_टाइप
वाचतेय. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

ऑफसेट_बाबा
शिरोलीकर, +1. भट्टीचं राहिलं. पावसाळ्यात ओला भंगार इंडक्शन भट्टीत गेला तर स्फोट, लॅडल (रस ओतायचं भांडं) नीट तापवलं नाही तर तेच. आणि मेल्टिंगला लेसवाले बूट देऊ नका, रस (वितळलेला धातू) पडला तर क्षणात काढता आले पाहिजेत. पँट बुटाच्या बाहेर. बुटात खोचली की रस आतच जातो.

आता सीएनसी (संगणकावर चालणारी मशिनं). नवीन पोरांच्या ठरलेल्या चुका, क्रमाने नाही:

ड्रॉइंग. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलचं. फर्स्टमध्ये वरचा व्ह्यू खाली काढतात, थर्डमध्ये वर. कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह न बघता काम केलं की भोकं उलट्या बाजूला. अख्खी बॅच आरशातली.

ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची दुरुस्ती. लेथवर एक्स अक्ष व्यासात चालतो. जॉब 0.04 मोठा आला तर 0.04 च वजा करायचं. 'दोन्ही बाजूंनी कापतं ना' म्हणून 0.02 करतात आणि जॉब अर्ध्यावरच अडकतो.

दशांश टिंब. बऱ्याच कंट्रोलवर टिंब न देता X50 लिहिलं तर ते 50 मिमी नसतं, 0.050 असतं. एका टिंबापायी टूल, इन्सर्ट, चक सगळं धोक्यात.

मोजणी. ड्रॉइंगवर भोकाला 25 H7 म्हणजे व्यास 25.000 ते 25.021 मिमी. हे 0.02 च्या व्हर्नियरने बघून 'ओके' म्हणणारे भेटतात. सबंध टॉलरन्स व्हर्नियरच्या एका घराएवढा! बोअर गेज नाहीतर प्लग गेज. आणि गरम जॉब मोजू नका. स्टीलचा 100 मिमीचा जॉब 20 अंश गरम असेल तर 23 मायक्रॉन मोठा दिसतो. गार झाला की रिजेक्ट.

एमओयूत 'अद्ययावत सीएनसी प्रशिक्षण' लिहिण्यापेक्षा या चार गोष्टींची परीक्षा लिहा. दोन तासांत कळतं.

खवय्या_कोल्हापुरी
सँड लॅबवाल्या पोरांना मिसळीची तर्री तपासायला बसवा, ओल बरोबर सांगतील.

शिरोलीकर
तर्रीला कॉम्पॅक्टिबिलिटी नसते हो :)

फॉर्म_भरणारा
कागदांचं मी लिहितो, कारण निम्मे करार इथेच मरतात.

अप्रेंटिस कायदा 1961 चा. 30 किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घेणं सक्तीचं, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. संख्या 2.5 ते 15 टक्के, आणि मोजताना कंत्राटी कामगारही धरायचे. इथे सगळे चुकतात. कायम 60 आणि कंत्राटी 140 असतील तर हिशोब 200 वर, म्हणजे किमान 5, कमाल 30.

विद्यावेतन: 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान 7000 होते, पाचवी ते नववीवाल्याला 5000. करार करताना त्या दिवशीचा दर बघायचा, जुना फॉर्म कॉपी करायचा नाही. एनएपीएसमध्ये (केंद्राची अप्रेंटिस प्रोत्साहन योजना) सरकारचा वाटा 25 टक्के, पण महिन्याला 1500 च्या वर नाही. 7000 चे 25 टक्के 1750 होतात, मिळतात 1500. उरलेले 5500 कंपनीचे. ऑगस्ट 2023 पासून सरकारी वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो. तो अडकतो तो आधारमुळे: खातं आधारला नुसतं जोडलेलं असून भागत नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यायला) बँकेत सीडिंग झालेलं हवं, आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच हवं. हे पहिल्या दिवशी तपासा. तिसऱ्या महिन्यात पोरगं 'कंपनीने पैसे खाल्ले' म्हणत निघून जातं, कंपनीच्या हातात काही नसताना.

कंपनीचा वाटा पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत. ओव्हरटाइम अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय नाही. पीएफ, ईएसआय या अप्रेंटिसना लागू नाही, पण अपघाताची भरपाई कंपनीवर आहे. तेव्हा कर्मचारी भरपाईच्या विमा पॉलिसीत त्यांची संख्या घाला. ईएसआय नाही म्हणून विमाच नाही, असं समजून बसलेले कारखाने कमी नाहीत.

पाना_पक्कड
आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण? लोक दोन्ही एकच समजतात.

फॉर्म_भरणारा
वेगळं आहे. ती राज्याची 2024 ची योजना. सुरुवातीला सहा महिने. बारावीला 6000, आयटीआय-पदविकेला 8000, पदवीधराला 10,000, सगळं राज्याकडून. तिथून अप्रेंटिसचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही. शॉपवर हुन्नर शिकायचा असेल तर अप्रेंटिस करारच करा. फुकटातलं मनुष्यबळ म्हणून या राज्याच्या योजनेकडे बघणाऱ्यांबद्दल बोलत नाही, धागा भरकटेल.

वहिफणी
इचलकरंजी. इथे प्रत्येक प्रशिक्षण योजनेत 'विणकर' तयार होतात. यंत्रमागवाल्याला विचारा, तुटवडा कशाचा? जॉबरचा (माग दुरुस्त करणाऱ्याचा) आणि वहिफणीवाल्याचा. वहिफणी म्हणजे नवीन बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) आल्यावर एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवायचा. काही हजार धागे, एक चुकला तर कापडात शेवटपर्यंत रेघ. डोळे आणि चिकाटी लागते, मशिनची गरज नाही, 15 बाय 20 च्या खोलीत वर्ग चालतो. पण योजनेच्या यादीत हे कामच नाही, म्हणून पैसे नाहीत. कामाचं नाव दिल्लीच्या यादीत शोधण्याआधी चार कारखान्यांच्या गेटवर उभं राहून 'कुठला माणूस न आल्यामुळे माग बंद आहे' एवढंच विचारा.

दोन_नंबरची_एसटी
सुपरवायझर लोकांनो, शिफ्ट सुटायची वेळ आणि शेवटच्या एसटीची वेळ कधी शेजारी शेजारी लिहून बघितलीय का? शिफ्ट 11:30 ला सुटते, गाडी 10:45 ला जाते. आजऱ्याचं पोरगं किती दिवस टिकेल? मुलींचा तर विषयच नको. पहिल्या दिवशी बाप गेटवर येतो तो बस आणि बाथरूम या दोन गोष्टी बघायला.

वाचनमात्र_होतो
आजऱ्याहून आठवलं, आजरा घनसाळ तांदूळ खात्रीचा कुठे मिळेल?

दोन_नंबरची_एसटी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

वेर्णा_फाटा
गोव्यातून. वेर्ण्याला औषध कारखान्यांत आयटीआय-पदविकेची मुलं येतात, मशिन लवकर शिकतात, नापास होतात वहीत. बॅच रेकॉर्डमध्ये (औषधाच्या प्रत्येक बॅचच्या नोंदवहीत) खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर गुन्हाच. चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. आधी करून मग लिहायचं नाही आणि आधी लिहून मग करायचं तर मुळीच नाही. प्रत्येक आकडा त्या क्षणी. कॉलेजात 'जर्नल पूर्ण करणे' म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या तारखा टाकणे, ही सवय मोडायला तीन आठवडे जातात. इथल्या संस्थांनी प्रॅक्टिकलची वही याच नियमाने भरून घेतली तर कंपनीचे ते तीन आठवडे वाचतील. खर्च शून्य.

नेकारकाठ
जर्मनीत श्टुटगार्टजवळ असतो. इथल्या दुहेरी पद्धतीचं कौतुक फार होतं, पण नक्कल करताना मधलाच खिळा सुटतो. औद्योगिक मेकॅनिकचं शिक्षण साडेतीन वर्षं, आठवड्यात एक-दोन दिवस शाळा, बाकी कंपनी. परीक्षा कंपनी घेत नाही आणि शाळाही नाही. उद्योग चेंबरची समिती घेते, तिच्यात मालकांचे, कामगारांचे प्रतिनिधी आणि शिक्षक असतात. पहिल्या भागाला 40 टक्के, शेवटच्याला 60. आणि कंपनीत शिकवणाऱ्यालाही शिकवण्याची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे फोरमन चांगला कारागीर असतो, शिकवायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

छोटे कारखाने इथे एकत्र येऊन मुलं वाटून घेतात. एकाकडे मिलिंग, दुसऱ्याकडे वेल्डिंग.

फॉर्म_भरणारा
@नेकारकाठ, हे आपल्या कायद्यातही आहे. अनेक मालक एकत्र येऊन, स्वतः किंवा सल्लागाराने मान्य केलेल्या संस्थेमार्फत, प्रशिक्षण देऊ शकतात. वापरणारे कमी, कारण कराराच्या वेळी 'अपघात झाला तर कोणाकडे' हे ठरवत नाहीत. फिरतीचं वेळापत्रक आणि प्रत्येक टप्प्याला जबाबदार कोण, दोन्ही करारालाच जोडा.

ऑफसेट_बाबा
महाराष्ट्राने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केलाय ना? म्हणजे आम्ही ऑफसेट शिकवायचा आणि पोरगं नेकारकाठी.

नेकारकाठ
बाबा, जर्मन शिकताना निम्मे परत येतील तुमच्याकडे. निर्धास्त रहा.

सावकाश_टाइप
आले. आयटीआयची निदेशक (शिकवणारी) म्हणून लिहिते, दुहेरी प्रशिक्षण (डीएसटी) म्हणजे आयटीआय आणि कारखाना दोन्हीकडे शिकण्याबद्दल. एक वर्षाच्या ट्रेडला 3 ते 6 महिने कारखान्यात, दोन वर्षांच्याला 6 ते 12. वाटणी कशी करायची ते करारात मोघम ठेवलं की घोळ.

1. प्रवेश ऑगस्टच्या आसपास. लगेच कारखान्यात पाठवू नका. फायलिंग, मोजणी, सुरक्षा झाल्याशिवाय मुलगा तिथे झाडू मारतो.
2. महिन्याचे शेवटचे पाच दिवस डिस्पॅचची घाई असते, कोणी शिकवत नाही. त्या दिवसांत थिअरीसाठी मुलांना आयटीआयत बोलवा. फोरमनही खूश.
3. प्रत्येक आठवड्याला एक जॉब कार्ड: कुठलं काम, कुठलं मशिन, कुठलं माप, फोरमनची सही. 'सहा महिने असेंब्लीत होता' याला काही अर्थ नाही.
4. सहा महिने एकाच स्टेशनवर नट आवळले तर वार्षिक परीक्षेत मुलगा पडतो, कारण अभ्यासक्रमातला टर्निंगचा जॉब त्याने केलेलाच नसतो. मग दोष आयटीआयला.
5. निदेशकाने आठवड्यातून एकदा शॉपवर जायचं. जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार ते करारातच लिहून घ्या. हसू नका, 60 रुपयांच्या बसभाड्यावरून भेटी बंद पडतात.

चार नंबरचा मुद्दा कंपनीला पटवायला ऑफसेट_बाबांची परीक्षा छापून घेते.

ऑफसेट_बाबा
घ्या की. गरम जॉबवालं ठेवा त्यात, इंजिनीअरही पडतात.

पाना_पक्कड
शिरोलीकर, एका आयटीआयत सँड रॅमर पडून आहे, ठोका नीट बसत नाही म्हणतात.

शिरोलीकर
आधी साफ करायला सांगा. दांडीवर सँड चिकटते, वजन पूर्ण 50 मिमी पडत नाही. आणि बेस घट्ट हवा, टेबल हललं तरी रीडिंग बदलतं. लाकडी टेबलावर ठेवलाय का?

पाना_पक्कड
हो. त्याखाली पुठ्ठा पण.

शिरोलीकर
पुठ्ठा काढा. काँक्रीटच्या ओट्यावर बोल्ट करा. तरी नाही झालं तर शनिवारी फोटो टाका.