मदत हवी आहे: लिंकन टाउन कार घेऊ का? उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय

कुंभार्लीकर | मंगळवार, रात्री १०:१२
नमस्कार. एक वापरलेली लिंकन टाउन कार (फोर्डची मोठी सेडान) बघितली आहे. काळी, आतून बेज लेदर. चालवून पाहिली, आवाज नाही, धक्का नाही. ४,९०० डॉलर सांगतोय, ४,५०० ला देईल असं वाटतं. दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतो, म्हणून उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. ज्यांनी ही गाडी वापरली आहे त्यांनी सांगा, घेऊ की नको? जपानी घ्या हा सल्ला बरेच जण देऊन झालेत, तो नको.

नोव्हीचा नाना | रात्री १०:३१
कुठलं साल? किती मैल? राहता कुठे? टाउन कार या नावाने स्वतंत्र मॉडेल १९८१ ते २०११ चाललं. तीस वर्षांतली कुठली, ते कळल्याशिवाय काय सांगणार? साल माहीत नसेल तर विनचं (गाडीवर कोरलेला ओळख क्रमांक) दहावं अक्षर बघा.

कुंभार्लीकर | रात्री १०:३८
२००६ किंवा ७ असेल. एक लाख अठरा हजार मैल. मिशिगन.

तेलपाणी | रात्री १०:५५
घेऊ नका. माझ्याकडे २००० ची होती. इंजिनावरचं इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) प्लास्टिकचं. आय-९४ वर कलमाझूच्या अलीकडे त्याला चीर गेली, सगळं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बाहेर. बायको, दोन मुलं, जानेवारी महिना. टो करणाऱ्याची दोन तास वाट बघितली. त्यानंतर त्या गाडीवर विश्वास म्हणून बसला नाही.

गॅरेजवाला भाऊ | रात्री ११:१०
तेलपाणी, तुमचा त्रास खरा आहे, पण तो १९९६ ते २००१ च्या मॅनिफोल्डचा. पुढे कूलंट जातो तो भाग ॲल्युमिनियमचा केला. तसंच इंजिनाच्या जुन्या हेडमध्ये (वरच्या भागात) स्पार्क प्लगला आटे फार थोडे होते, प्लग उडून बाहेर यायचा. २००६ च्या गाडीला या दोन गोष्टींसाठी नाकारू नका.
२००३ ला फ्रेमही बदलली, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आलं. ४.६ लिटरचं तेच व्ही-८ पोलिसांच्या क्राउन व्हिक्टोरियात होतं, त्यामुळे सुटे भाग कुठेही आणि स्वस्त. इंजिनाची काळजी मला नाही. मला काळजी खालच्या लोखंडाची. मिशिगनमध्ये बर्फासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठ. फ्रेम, ब्रेकच्या नळ्या, मागच्या चाकांच्या आतली बाजू. गाडी लिफ्टवर चढवून बघितलीत का?

डेट्रॉईटचा पाटील | रात्री ११:२४
बर्फात मागच्या चाकांवर चालणारी गाडी कशाला? त्याच पैशात कॅडिलॅक डीटीएस येते. पुढची चाकं ओढतात, आतून जास्त दिमाखदार, आणि इथेच हॅमट्रॅमिकला बनलेली. माझी २००८ ची आहे, आजवर एकदाही रुसली नाही.

गॅरेजवाला भाऊ | रात्री ११:३३
पाटील, डीटीएसमधल्या नॉर्थस्टार इंजिनाचं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं तर इंजिन खाली उतरवावं लागतं. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले बोल्टचे आटेच निघून येतात. साडेचार हजारांच्या गाडीला तो खर्च परवडत नाही.

डेट्रॉईटचा पाटील | रात्री ११:३९
ते १९९० च्या दशकातलं. नंतर बोल्ट बदलले. मी आठ वर्षं चालवतोय हो! आणि बर्फाचं काय, त्याला उत्तर द्या.

गॅरेजवाला भाऊ | रात्री ११:४६
बर्फाला उत्तर चार स्नो टायर. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं या राज्यात आयुष्यभर मागच्या चाकांवरच्या गाड्या चालवत आली.

माधवी ट्रॉय | बुधवार, सकाळी ६:५०
आईवडील येणार असतील तर सरळ टोयोटाची सिएना मिनीव्हॅन घ्या. सरकता दरवाजा, चढायला उतरायला सोपं. आम्ही दोन्हीकडचे आईबाबा तिच्यातून नायगाऱ्याला नेले. आणि व्हिजिटर इन्शुरन्स तिकिटाच्या आधी काढा, आधीपासूनच्या आजाराचं काय लिहिलंय ते नीट वाचा.

कुंभार्लीकर | सकाळी ७:०५
आईवडील येणार आहेत हे मी लिहिलं नव्हतं, पण बरोबर आहे. सिएना मी विचारलेली नाही. सिएना भाड्याने घेऊन बघितली आहे, इथल्या खड्ड्यांत मागच्या सीटवर धक्के दण्‌दण्‌ बसतात.
नाना, विन बघितला. दहावं अक्षर ६, पहिला आकडा १.

नोव्हीचा नाना | सकाळी ७:२०
म्हणजे २००६ ची, अमेरिकेतच बनलेली. विक्समचीच. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होता तो कारखाना. १९५७ ला सुरू झाला, २००७ ला बंद पडला. मग टाउन कार शेवटपर्यंत कॅनडात, सेंट थॉमसला झाली, तिथल्या गाडीचा विन २ ने सुरू होतो. आय-९६ वरून जाताना तो लांबच लांब कारखाना दिसायचा, पाळी सुटली की रस्ता भरून जायचा. मी इथे आलो तेव्हा शेजारचा माणूस तिथे दारं बसवायचा. दार लावल्यावर जो आवाज येतो ना, तो त्याचा अभिमान होता.

सई, फिजिओ | सकाळी ७:४४
एक विचारू? कोणाला काय त्रास आहे? गुडघा, खुबा की पाठ? कारण त्यावर गाडी ठरते.

कुंभार्लीकर | सकाळी ८:१५
ताई, सविस्तर लिहितो.
वडील ७४ वर्षांचे. चिपळूण डेपोला एसटी चालवायचे, एकतीस वर्षं. कुंभार्ली घाट, चिपळूण-कराड, पावसाळ्यातसुद्धा. तेव्हाच्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागून, सीट म्हणजे पत्र्यावर फोम. पाठ तिथेच गेली. दोन वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आता रिक्षातून बाजारात जाऊन आले तरी रात्री झोपत नाहीत. सहा महिने येणार आहेत, पहिल्यांदाच. घरात बसून राहिले तर आलेच कशाला म्हणतील, आणि साध्या सेडानमधून फिरवलं तर पाठ धरेल.
मागे एकदा कंपनीच्या कामासाठी विमानतळावरून मला टाउन कार आली होती. रस्ता तोच, खड्डे तेच, पण गाडी होडीसारखी नुसती वरखाली झाली, पाठीला काही कळलंच नाही. तेव्हापासून डोक्यात आहे. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना नेलं. आता मी चालवणार आणि ते मागे पाय पसरून बसणार. म्हणून हीच हवी.

सई, फिजिओ | सकाळी ८:५२
दादा, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता नीट सांगता येईल.
धक्का कमी बसतो हे खरं. लांब व्हीलबेस, जड फ्रेम, उंच रबराचे टायर, मागे हवेचे स्प्रिंग, याचा मणक्याला फायदा आहे. पण या गाड्यांची सीट सोफ्यासारखी असते. माणूस आत रुततो, कमरेची कमान सपाट होते आणि तासाभराने तीच पाठ दुखायला लागते. कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल किंवा कडक उशी लागेल. आत बसताना आधी बाहेरून सीटकडे पाठ करून बसायचं, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्यायचे, कमरेत वळायचं नाही. उतरताना ते कशाला धरतात ते बघा, वर धरायला कडी आहे का? आणि पुढची सीट बटणाने वर होते, सुरुवातीला पुढेच बसवा. मागे पाय पसरतील, पण उठणं अवघड जाईल.

कुंभार्लीकर | सकाळी ९:३०
मनापासून आभार. मागे जागा खूप आहे हो, दार केवढं तरी मोठं. मागच्या आर्मरेस्टमध्ये रेडिओ आणि एसीची बटणं पण आहेत. बाबांना बसल्या जागी गाणी बदलता येतील.

गॅरेजवाला भाऊ | सकाळी ९:४१
थांबा. मागे बटणं? मागचं दार लांब? कुठलं ट्रिम (मॉडेलचा प्रकार) आहे? मागे एल लिहिलंय का?

कुंभार्लीकर | सकाळी ९:५८
एक्झिक्युटिव्ह एल.

गॅरेजवाला भाऊ | सकाळी १०:१६
मग ही भाड्याने चालणारी गाडी असणार. एक्झिक्युटिव्ह एल प्रामुख्याने लिमोवाल्यांसाठीच होती. सहा इंच जास्त लांबी, सगळी मागच्या प्रवाशाच्या पायांना. तुमचे मैल एक लाख अठरा हजार, पण विमानतळाबाहेर आणि हॉटेलांबाहेर इंजिन चालू ठेवून जे तास गेले ते मैलांत दिसत नाहीत. लिमोची गाडी म्हणजे वाईटच असं नाही, काहीजण वेळच्या वेळी ऑइल बदलतात. पण विकणाऱ्याने हे तुम्हाला सांगितलं का? नसेल तर अजून काय सांगितलं नाही?
तीन गोष्टी करा. सर्व्हिसचे कागद मागा. लिफ्टवर चढवा. आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी, चालू करायच्या आधी बघा. मागचं बूड खाली बसलेलं असेल तर मागच्या हवेच्या स्प्रिंगच्या फुग्यांना गळती आहे. आणखी एक, फुगे काढून साध्या स्प्रिंग बसवल्या आहेत का ते बघा. स्वस्तात होतं म्हणून पुष्कळजण करतात. चालते छान, पण ज्या होडीसाठी तुम्ही ही घेताय ती होडी राहत नाही.

माधवी ट्रॉय | सकाळी १०:३०
एक राहिलं. आईंना गाडी लागते का? माझ्या सासूबाईंना शेजाऱ्यांच्या अशाच मोठ्या ब्यूकमधून शिकागोला नेलं होतं. तरंगणारी गाडी, पोटात ढवळलं, तीनदा थांबलो. सिएनात एकदाही नाही.

कुंभार्लीकर | सकाळी १०:४८
आईला लागते. घाटात तर नेहमीच लागायची, लिंबू हातात धरून बसायची. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

शिवडीचा जुना | सकाळी ११:२०
वाचून जुने दिवस आठवले. या मोठ्या अमेरिकन गाड्या आपल्या मुंबईत जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सचा कारखाना आमच्या शिवडीला, १९२८ पासून १९५४ पर्यंत. कुर्ल्याला प्रीमियरमध्ये डॉज, डिसोटो, प्लायमथ. माझे आजोबा शिवडीच्या कारखान्यात होते. लहानपणी लग्नाला प्लायमथच्या टॅक्सीतून गेलोय, पुढे तिघं, मागे पाचजण आणि मांडीवर आम्ही. तुमच्या टाउन कारला पुढे सलग सीट आहे का? वडिलांना त्यावरून जुन्या गाड्या आठवतील.

रत्नागिरी टू राले | सकाळी ११:५२
सहा महिन्यांनंतर ही गाडी भारतात पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं.

कुंभार्लीकर | दुपारी १२:०५
पाठवायची नाहीये. शिवडीकाका, सलग सीट आहे, मधला भाग खाली पाडला की हात ठेवायला होतो.
भाऊ, विकणाऱ्याला फोन केला. लिमोची होती हे कबूल केलं. कागद नाहीत म्हणाला. लिफ्टसाठी तयार आहे.

गरजेपुरती कार | दुपारी १२:४०
पेट्रोलचा विचार केलात का? माझ्या मित्राची शहरात गॅलनला १६ मैल देते, हायवेला २३-२४. आणि गॅरेज मोजा. साधी टाउन कारच २१५ इंच आहे, म्हणजे अठरा फुटांना जराशी कमी. एल साडेअठरा फुटांच्या आसपास. गॅरेज वीस फूट असेल आणि समोरच्या भिंतीला कपाट असेल तर दार लागणार नाही.

कुंभार्लीकर | दुपारी १:१०
मोजलं. आतून एकोणीस फूट आठ इंच, पण समोर फ्रीझर आहे. एल मावत नाही. बाहेर ठेवली तर बर्फ आणि मीठ.

गॅरेजवाला भाऊ | दुपारी १:२२
मग साध्या लांबीची टाउन कार, सिग्नेचर किंवा सिग्नेचर लिमिटेड शोधा. मिशिगनमध्ये अजून मिळतात, आजीआजोबांनी चर्च आणि किराण्यापुरत्या वापरलेल्या. घाई करू नका. आज संध्याकाळची मुदत त्याची आहे, तुमची नाही.

कुंभार्लीकर | गुरुवार, रात्री ९:१८
काल संध्याकाळी लिफ्टवर चढवली. ब्रेकची मागची नळी गंजून पापुद्रे सुटलेले, मेकॅनिकने बोट लावलं तर तुकडा हातात आला. फुगे काढलेले, साध्या स्प्रिंग. भाऊ म्हणाले तसंच. नको म्हणून कळवलं. वाईट वाटलं, कारण चालवताना ती खरंच छान होती.
आज सकाळी एका सहकाऱ्याने सांगितलं, लिव्होनियात त्याच्या शेजारच्या आजी गाडी चालवणं थांबवतायत. २००७ ची सिग्नेचर लिमिटेड, बासष्ट हजार मैल, कायम गॅरेजमध्ये. ५,५०० म्हणतात, मुदत नाही. उद्या रात्री त्या ती बाहेर अंगणात उभी ठेवणार आहेत, म्हणजे शनिवारी सकाळी बूड बघता येईल. आईलाही फोनवर विचारलं. ती म्हणाली, मी पुढे बसेन आणि काच उघडी ठेवीन. पण मग बाबांना मागे बसावं लागेल. सईताई, मागून उतरताना धरायला काही बसवून घेता येतं का?

सई, फिजिओ | रात्री ९:४०
दाराच्या कुलपाच्या हुकात अडकवायची सुटी मूठ मिळते, ती बघा. आणि आधी एकदा पाय मोजा: तुमच्या बाबांच्या गुडघ्यापर्यंतची उंची किती, आणि सीटची जमिनीपासून किती. सीट गुडघ्यापेक्षा खाली असेल तर वर कडक उशी.

डेट्रॉईटचा पाटील | रात्री ९:५५
लिव्होनियाला जाताय तर वाटेत माझ्याकडे या. डीटीएसमध्ये आईंना बसवल्यावर कसं वाटेल त्याचा अंदाज घ्या. ती कमी तरंगते. मी विकत नाहीये, नुसती चालवून बघा.

कुंभार्लीकर | रात्री १०:०२
येतो पाटील. भाऊ, शनिवारी सकाळी सात वाजता लिव्होनियाला येऊ शकाल का? मला फुगा आणि स्प्रिंग यातला फरक खालून ओळखता येत नाही.

गॅरेजवाला भाऊ | रात्री १०:०९
साडेसहाला येतो. तोवर गाडी चालू करू नका म्हणावं, आणि दारही उघडू नका. टॉर्च माझ्याकडे आहे, तुम्ही अंगाखाली टाकायला जुनी सतरंजी आणा.