क्लब हाऊसमधलं ऑक्सिजन मशीन

*स्नेहल, बी-३०४:* नमस्कार. २०२१ ला वर्गणी काढून घेतलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) सध्या कोणाकडे आहे? सासऱ्यांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, उद्या डिस्चार्ज. डॉक्टरांनी घरी मिनिटाला २ लिटरवर लावायला सांगितलंय.

*सेक्रेटरी:* क्लब हाऊसच्या मागच्या खोलीत, कॅरम बोर्डाच्या मागे. किल्ली वॉचमनकडे.

*देशपांडे काका, ए-१०१:* मशीन ठणठणीत आहे. परवाच प्लग लावून बघितला, हिरवा दिवा लागतो. नळीसुद्धा सोबतच ठेवलीय.

*मीनाक्षी, बी-७०२:* काका, ती नाकाची नळी आधी कचऱ्यात. कोणी वापरली, कधी वापरली, पत्ता नाही. मशीन चारचौघांत फिरवता येतं, कॅन्युला नाही. घरातल्या एकाच माणसाची असली तरी दोन ते चार आठवड्यांत बदलायची, सर्दी झाली तर बरं झाल्यावर लगेच. आणि दिवा लागला म्हणजे ऑक्सिजन येतो असं नव्हे. पंखा फिरतो, हवा येते, पण त्या हवेत ऑक्सिजन किती? आत झिओलाइटचे खडे असतात, ते नायट्रोजन धरून ठेवतात. मशीन पावसाळेच्या पावसाळे पडून राहिलं की खड्यांना ओल लागते आणि टक्का उतरतो. ९० च्या आसपास तरी हवा.

*स्नेहल, बी-३०४:* बापरे. मग कळणार कसं?

*मीनाक्षी, बी-७०२:* टेक्निशियन अ‍ॅनालायझर लावून सांगतो. ग्लासभर पाण्यात नळी बुडवून बुडबुडे बघतात ना, त्याने फक्त हवा येतेय एवढंच कळतं.

*स्नेहल, बी-३०४:* टेक्निशियनला आत्ताच फोन केला, ४ वाजता येतोय. ऑक्सिजन दमट करायला मशीनला पाण्याची बाटली जोडतात, तिच्यात बिसलेरी चालेल का?

*देशपांडे काका, ए-१०१:* कशाला विकत आणतेस! एसीच्या पाइपखाली माझी बादली आहे. शुद्ध डिस्टिल्ड वॉटर. चार वर्षं इन्व्हर्टरला तेच घालतोय.

*मीनाक्षी, बी-७०२:* इन्व्हर्टरला खुशाल घाला काका, त्याला फुप्फुसं नाहीत 🙏 ते पाणी कॉइलवरची धूळ आणि ट्रेमधलं शेवाळ धुऊन खाली येतं. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणीही नको. स्नेहल, मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आण. अगदीच अडलं तर उकळून गार केलेलं, पण आपल्या बोअरच्या पाण्याने बाटलीत पांढरे थर बसतात. उरलेल्या पाण्यात भर घालत बसू नकोस, रोज ओतून, धुऊन नवीन भर. खरं तर २ लिटरला बाटली लागतेच असं नाही. डॉक्टरांना विचार.

*वैभव, सी-२०५:* विषय निघालाच आहे तर, मुलाच्या नेब्युलायझरमधून (औषधाची वाफ देणारं मशीन) काल वाफच येईना. मोटर चालू आहे.

*मीनाक्षी, बी-७०२:* कप उघडून बघ. आत मधोमध बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची टोपी असते, ती आहे का?

*वैभव, सी-२०५:* नाही! मावशींनी मास्क-कप भांड्यांबरोबर घासले होते 🤦

*मीनाक्षी, बी-७०२:* मग ती टोपी गेली मोरीत. नवीन किट आण. धुणं स्वतःकडे ठेव. प्रत्येक वेळी कप-मास्क कोमट पाण्याने धुऊन झटकून स्वच्छ कपड्यावर वाळवायचे. रोज साबणाचं पाणी. निर्जंतुक करायला पाच मिनिटं उकळतात, पण पुस्तिकेत चालेल म्हटलं असेल तरच, नाहीतर मास्क वेडावाकडा होतो. हवेच्या नळीत पाणी घालायचं नाही. दमट वाटली तर कप काढून दोन मिनिटं मोटर नुसती चालव. नळीत काळे ठिपके दिसले की फेकून दे. मोटरच्या अंगावरचा गोल फिल्टर करडा झाला की बदल, धुऊन परत लावू नकोस.

*जोशी, सी-६०१:* आमच्या सीपॅपचा (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं मशीन) मास्क रात्री फुसफुसतो. पट्टे आवळून नाकावर वळ उठलेत.

*मीनाक्षी, बी-७०२:* चेहऱ्याचं तेल, जोशीकाका. रोज सकाळी मास्कची गादी सौम्य साबणाने धुवा. तरी फुसफुसला तर गादी सैल पडलीय, बदला.

*सेक्रेटरी:* टँकर ५ ला येणार आहे, पाणी जपून वापरा.

*स्नेहल, बी-३०४:* टेक्निशियन येऊन गेला. मशीन तासभर चालवून मोजलं, ७४ टक्के. दिवा हिरवाच! या मॉडेलला टक्केवारीचा दिवाच नाही. बाहेरचा स्पंज, म्हणजे हवेचा फिल्टर, धुतला, त्याचं पाणी बघा. [फोटो]

*वैभव, सी-२०५:* हा चहा आहे का 😳

*स्नेहल, बी-३०४:* तो म्हणाला आतले खडे बदलावे लागतील. तोवर भाड्याचं मशीन घेतलं, माझ्यासमोर मोजून ९३. त्याचा स्पंज दर रविवारी मी धुणार, पूर्ण वाळल्यावरच लावणार.

*मीनाक्षी, बी-७०२:* छान. मशीन भिंतीला चिकटवू नकोस. देवघरातलं निरांजन आणि गॅस दोन्हीपासून लांब. नाक कोरडं पडलं तर सासूबाई तूप लावतील, तूप-व्हॅसलिन काही नको. पाण्यावर बनलेलं जेल मिळतं.

*स्नेहल, बी-३०४:* आई तुपाची वाटी घेऊनच बसल्यात 😄

*सेक्रेटरी:* दुरुस्तीचा खर्च रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. यापुढे रजिस्टर: कोणी नेलं, मीटरवर किती तास, फिल्टर कधी धुतला.

*देशपांडे काका, ए-१०१:* स्नेहल, डिस्टिल्ड वॉटरच्या दोन बाटल्या वॉचमनकडे ठेवल्यात. मेडिकलच्या आहेत, सील बघून घे. बादली तुळशीत ओतली.