लॅबमधली सुरक्षितता: तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची
भाचीनं काल लॅबमधला फोटो पाठवला. पीएचडीला लागलीय, नवा पांढरा कोट, चेहरा फुललेला. माझी नजर मात्र मागं गेली. नायट्रोजनचा सिलिंडर साखळीविना नुसताच उभा, आणि बाईसाहेबांच्या पायात उघडी चप्पल. लगेच फोन केला तर म्हणते, "मावशी, इथं सगळेच असं करायलेत."

ते ऐकून आमचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आठवलं. मे महिना, पारा ४२च्या वर. सीनिअर ईथर डिस्टिल करत होते. ईथर ३४.६ अंशांना उकळतं, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते उकळायला टेकलेलंच असतं. वरच्या टाकीतलं पाणी संपलं, कंडेन्सरची (वाफ थंड करणाऱ्या नळीची) धार तुटली, कुणाच्या लक्षात आलं नाही. ईथरची वाफ हवेपेक्षा जड. ती ओट्यावरून सरपटत पलीकडच्या टेबलावरच्या हीटरपर्यंत गेली आणि निळी ज्योत त्याच वाटेनं उलटी पळत आली. लॅबच्या मामांनी व्हरांड्यातला मेन स्विच खाली ओढला अन् वाळूची बादली ओतली. सीनिअरचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. ती वाळूसुद्धा मामांनीच बांधकामावरून आणून ठेवली होती, कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या भागात काम केलेल्यांनी लिहा. कॉलेजांची, माणसांची नावं नकोत, प्रसंग हवेत. भाचीला वाचायला देणार आहे.

बालाघाट
मामांना दंडवत! कुठल्या गावचे होते?

गोदाकाठची
पाथरीकडचे. रिटायर होऊन गावी गेले.

बालाघाट
अरे, आमच्या पाहुण्यांचा भाग. असो. आमच्याकडं फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणारं कपाट, होतं, पण त्यात बाटल्या अशा ठासून भरलेल्या की हात घालायला जागा नाही. शिवाय लाईट गेली की पंखा बंद. लोडशेडिंगच्या काळात वेळापत्रक बघूनच आम्ही नायट्रिकचं काम लावायचो.

मातीवाला
माती तपासणीत आयुष्य चाललंय, म्हणून जरा लांबट लिहितो. सेंद्रिय कर्ब काढायला पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक लागतं. पेरणीआधी नमुन्यांच्या पिशव्या दारापर्यंत लागतात, मग सगळी घाई. डायक्रोमेटमधलं सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सरकारक आहे, हे आम्हाला पुस्तकात परीक्षेपुरतं होतं. टायट्रेशनच्या पद्धतीत शेवटी फेरसमुळं (लोखंडाच्या क्षारामुळं) ते तीनवर येतं, तितकं घातक राहत नाही. कलरीमीटरच्या (रंग मोजायच्या यंत्राच्या) पद्धतीत मात्र उरलेलं डायक्रोमेट तसंच राहतं, आणि जुनं द्रावण फेकताना तर सहाचंच जातं. कुठं? बेसिनमध्ये. बेसिनचा पाईप कुठं? मागच्या लिंबाखाली, उघड्यावर. तिथून बोअर दिसतो!
मी दोन विभागप्रमुखांकडं हे धरून बसलो. आता निळ्या ड्रममध्ये साठवतो, फेरस घालून तीनवर आणतो, ड्रमवर तारीख टाकतो आणि विल्हेवाटीला पाठवतो. ज्या शेतकऱ्याची माती तपासायची, त्याच्याच पाण्यात विष सोडायचं, हे मला सहन होत नाही.

कुंतल
@मातीवाला दादा, हे आमच्या विभागात वाचून दाखवू का?

मातीवाला
खुशाल दाखवा.

जुना_विद्यार्थी
तोंडानं पिपेट ओढलेले हात वर करा. आमच्या पिढीला तर कुणी दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

सूक्ष्मा
काका, आमच्या कॉलेजात २०११ लाही तेच चालू होतं, तेही मायक्रोबायोलॉजीत. जंतूंचं कल्चर तोंडानं! नवीन मॅडम आल्या, त्यांनी पहिल्याच दिवशी रबरी बल्ब वाटले.

टाकळीकर
पाण्यावर बोलतो. लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दिवसांत लॅबच्या आयवॉशचं, म्हणजे डोळे धुवायच्या नळाचं, काय झालं असेल याचा विचार कुणी केला? आमच्या कॉलेजात आयवॉश चकचकीत, नळ कोरडा. डोळ्यात काही गेलं तर सलग १५ मिनिटं धुवायचं असतं. मिनिटाला दीड लिटर धरलं तरी वीस-बावीस लिटर पाणी झालं. अंगावरच्या शॉवरला मिनिटाला ७५ लिटर लागतं, म्हणजे १५ मिनिटांत हजाराच्या वर. टँकरच्या गावात कुठून आणायचं?
सरांनी मार्ग काढला. नळाचे दोन जार लॅबच्या आत, सावलीत, वर लाल अक्षरांत 'फक्त डोळ्यांसाठी', पाणी रोज बदलायचं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं की ते डोळ्यात मारणंच धोक्याचं. एका मुलीच्या डोळ्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड उडालं तेव्हा ते जारच कामी आले. अल्कली ॲसिडपेक्षा डोळ्यात खोल जातं, तिथं एकेक सेकंद महत्त्वाचा. पोरीची नजर शाबूत आहे.

ऊसतोड_ते_पीएचडी
त्या जारमधलं पाणी आमची पोरं पिऊन टाकायची ना भाऊ 😀 शेवटी कुलूप लावायची वेळ आली.

टाकळीकर
कुलूप नका लावू! डोळा जळत असताना किल्ली कोण शोधणार?

ऊसतोड_ते_पीएचडी
काढून टाकलंय. आता पिण्याचा माठ शेजारच्या खोलीत ठेवलाय.

मंजिरी_न
आमच्याकडं एक बाटली सापडलीय, विचारायचं होतं. स्टोअरमध्ये अगदी मागं, ईथरची, लेबलवर २००४. झाकणाभोवती पांढरे खडे जमलेत. सर म्हणाले पुसून ठेव. काय करू?

लातूरकर
३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३:५६. किल्लारीच्या दुःखापुढं लॅबचं नुकसान सांगायचं म्हणजे जीभ रेटत नाही, तरी सांगतो. कॉलेजच्या वरच्या फळीवरच्या ॲसिडच्या बाटल्या सगळ्या खाली. दिवसा झालं असतं तर खाली प्रॅक्टिकलची बॅच उभी असती. त्यानंतर आमच्या सरांनी प्रत्येक फळीला पुढून दोन बोटं उंच पट्टी ठोकली आणि ॲसिड कमरेखालच्या कपाटात आणलं. २०२४ ला हिंगोली-नांदेडकडं धक्के बसले तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना फोन करून विचारलं, पट्टी आहे का? बहुतेकांकडं नाही.

सूक्ष्मा
आमच्याकडं एन्झाइमच्या फ्रिजमध्ये पोरं डबे ठेवायची. कुणाचा तरी शेंगदाण्याचा ठेचा आणि शेजारी इथिडियम ब्रोमाइड, डीएनए रंगवायचं घातक रसायन.

जुना_विद्यार्थी
ठेचा म्हटल्यावर भूक लागली. हिरव्या मिरचीचा का लाल?

सूक्ष्मा
हिरव्याचा. पण डबा फेकून द्यायला लावला.

परदेशी_परभणीकर
हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ ला शेरी सांगजी ही २३ वर्षांची मुलगी ब्यूटिललिथियम सिरिंजनं घेत होती. दट्ट्या निसटला, द्रव हवेत पेटला. अंगात कोट नव्हता, स्वेटर सिंथेटिक होता. १६ जानेवारीला ती गेली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) डिसेंबर २०१८ ला सिलिंडरच्या स्फोटात एक संशोधक गेला. आणि भंगाराचं बोलायचं तर २०१० चं दिल्लीतलं मायापुरी. विद्यापीठानं न वापरलेलं यंत्र लिलावात विकलं, आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं. भंगारात काम करणाऱ्या एकाचा जीव गेला. तुमच्या भाचीला सांगा ताई, सुती कपडे, बंद बूट, आणि कुणी हसलं तरी चालेल.

मातीवाला
@मंजिरी_न थांबा!! त्या बाटलीला हात लावू नका. पुसू नका, हलवू नका, झाकण तर अजिबात नाही. जुन्या ईथरमध्ये पेरॉक्साइड साचतं, ते खडे झाकण फिरवतानाच्या घर्षणानंही फुटू शकतात.

परदेशी_परभणीकर
खरंय. आमच्याकडं अशा बाटलीसाठी बॉम्बशोधक पथक बोलावलं होतं. खोली बंद करा, विभागप्रमुखांना आणि रजिस्ट्रारना लेखी कळवा, फोटो लांबून काढा. पुढं पोलीस, फायर ब्रिगेडला ते कळवतील.

मंजिरी_न
बाई गं. सरांना फोन केला, आधी रागावले, मग मातीवाला दादांचं लिहिलेलं पाठवलं. आता घाबरलेत.

लातूरकर
स्टोअरशेजारी वर्ग आहे का? मुलं आत असतील तर दुसरीकडं न्या.

मंजिरी_न
बी.एस्सी.ची बॅच होती, खालच्या हॉलमध्ये पाठवली. दाराला कुलूप, वर कागद चिकटवलाय. सर बीडहून निघालेत, तोवर मी जिन्याच्या खालीच थांबते.

सूक्ष्मा
शाबास. जेवलीस का?

मंजिरी_न
डबा वर राहिलाय.

सूक्ष्मा
वर जाऊ नको हं. कॅन्टीनला जाऊन पोहे खा, फोन चालू ठेव.