मदत हवी आहे: आप्पांना ॲस्बेस्टॉसचा आजार झालाय, पण कागदावर फक्त 'शेती' आणि 'बिडी' आहे

वेदगंगा:

नमस्कार मंडळी,

निपाणीजवळच्या एका खेड्यातून लिहितेय. जरा लांबण लागेल, पण काम काय होतं ते सांगितल्याशिवाय आमची अडचण कळणार नाही. कामगार कायदा किंवा छातीचे आजार यातलं कुणी जाणकार असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझे आप्पा ६८ वर्षांचे आहेत. छातीत सारखं पाणी व्हायचं, चार पावलं चाललं की धाप. आधी टीबीचा कोर्स झाला, बेडक्यात जंतू सापडले नव्हते तरी. शेवटी कोल्हापुरात एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, काढला. फुप्फुसाच्या आवरणावर कॅल्शियमचे चट्टे, तळाशी फायब्रोसिस (फुप्फुस घट्ट होणं), आणि मग बायोप्सीत मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "हा कॅन्सर बहुतेक ॲस्बेस्टॉसचाच असतो. हे कुठं कामाला होते?" एवढ्या दवाखान्यांत हिंडलो, पण हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

आप्पा तरुणपणापासून जवळजवळ वीस वर्षं लॅगिंगच्या टोळीत होते. लॅगिंग म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून बॉयलर-पायपांवर चढवायचं ॲस्बेस्टॉसचं, म्हणजे तंतूंच्या खनिजाचं, आवरण. साधारण १९७८ ते १९९८. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांत दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा ठेकेदार या टोळ्या न्यायचा. बॉयलर आणि वाफेच्या पायपांवरचं जुनं लॅगिंग हातोडीनं फोडून काढायचं. नवीन पावडर घमेल्यात पाणी घालून कालवायची आणि हातानंच पायपाला थापायची. फ्लँजला, म्हणजे पायपांच्या सांध्याला, पांढरी दोरी गुंडाळायची. फोडाफोडी चालली की शेडमध्ये समोरचा माणूस दिसायचा नाही म्हणतात. नाकाला टॉवेल, बस. अंगावर पांढरी लव चिकटलेली असायची, तशीच घरी यायची. आई परसात कपडे झटकून मगच भिजत घालायची. ते आठवलं की आता आईचीही काळजी वाटते.

ठेकेदार वारला. हजेरी मुकादमाच्या वहीत असायची, ती वही कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. पीएफ नाही, ईएसआय नाही. कारखाने बहुतेक कोल्हापूर जिल्ह्यातले, एखाददुसरा बेळगाव जिल्ह्यातला. ज्या कारखान्यात सगळ्यात जास्त वर्षं काम केलं तिथं विचारलं, तर "तुमचे वडील आमच्या पटावर कधीच नव्हते" असं उत्तर मिळालं. पलीकडच्या कचेरीत म्हणतात तुम्ही कर्नाटकातले, इकडे अर्ज करा. इकडच्या कचेरीत म्हणतात कारखाना महाराष्ट्रात, तिकडे जा. आम्ही सीमेवर राहतो हा आप्पांचा गुन्हा आहे का?

आणि हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय? व्यवसाय शेती, सवय बिडी. बिडी ओढायचे हे खरंच. निपाणी भागात कोण नाही ओढलं? पण त्या दोन शब्दांनी वीस वर्षांचं काम पुसून गेलं.

मला विचारायचंय ते असं. नुकसानभरपाई मागता येते का, आणि कुठं? बिडीमुळे दावा फेटाळतील का? आईची तपासणी करावी का? शिवाय आमच्या घरावर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत, ते काढून टाकायचे का? इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतल्या वकिलांच्या जाहिराती येतात, त्यांचा आपल्याला काही उपयोग आहे का?

—

मलप्रभा:

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी खानापूरची, छातीरोग विभागात नोकरी केली आहे. वैद्यकीय बाजू सांगते, कायद्याचं दुसरं कुणी सांगेल.

आधी बिडीचं. मेसोथेलिओमा धूम्रपानानं होत नाही. फुप्फुसाच्या आतला जो कॅन्सर असतो त्यात बिडी आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही असतील तर धोका कित्येक पटींनी वाढतो, पण आप्पांचा आजार आवरणाचा आहे. त्यामुळे 'बिडीमुळे झालं' असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, हे तुमच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. पांढरं, तपकिरी, निळं, सगळ्या प्रकारचं ॲस्बेस्टॉस माणसात कॅन्सर करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कधीच मान्य केलंय. धूळ अंगात गेल्यापासून आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. १९७८ ला सुरुवात आणि आता आजार, हा हिशेब तंतोतंत बसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, हे उद्याच करा: डॉक्टरांपुढे आप्पांना बसवून कामाचा पूर्ण इतिहास सांगा आणि तो केसपेपरवर लिहून घ्या. कुठल्या सालापासून, कुठं, दोरी, पावडर, फोडकाम, सगळं. शिक्का आणि सहीसकट. आप्पा स्वतः बोलू शकताहेत तोवरच. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या हॉस्पिटलकडे असतात, त्या जपून ठेवायला लेखी अर्ज द्या. पुढे आजारावर वाद झाला तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला तोच पुरावा लागतो.

आईंचा एक छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाची क्षमता मोजणारी चाचणी करून घ्या. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना हा आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. होईलच असं नाही, घाबरू नका, पण त्यांच्याही केसपेपरवर कपड्यांचा उल्लेख हवा.

पत्रे धड असतील तर हात लावू नका. धोका कापताना, भोक पाडताना, फोडताना आणि झिजलेल्या पत्र्यावर खराटा फिरवताना असतो. बदलायचेच असतील तर पाणी मारून, अख्खे उतरवा. आमच्याकडे पावसाळ्याआधी लोक फुटके पत्रे अंगणात पसरतात आणि पोरं त्यावर नाचतात. बघितलं की जीव वरखाली होतो.

—

घटप्रभा:

बेळगावात वकिली करतो, कामगारांचे दावे चालवले आहेत. ताई, मुद्दे सरळ सांगतो, गोडगोड बोलणार नाही.

कुठं अर्ज करायचा: १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात कलम २१ आहे. दावेदार जिथं राहतो तिथल्या नुकसानभरपाई आयुक्तांपुढे अर्ज करता येतो. कारखाना कोल्हापूर जिल्ह्यात असला तरी तुम्ही बेळगाव जिल्ह्यातच अर्ज करू शकता. दोन्ही कचेऱ्यांनी तुम्हाला उगीच हेलपाटे घालायला लावले.

ठेकेदार वारला हरकत नाही. कलम १२ प्रमाणे मूळ कारखान्याच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदार नेमला असेल तर कारखानाही जबाबदार. बॉयलरची दुरुस्ती हे साखर कारखान्याचं नेहमीचंच काम, असं आपण म्हणायचं. ॲस्बेस्टॉसिस (ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं फुप्फुस घट्ट होणं) आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा, दोन्ही या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आहेत.

आता अडचण. काम सोडल्यावर दोन वर्षांत लक्षणं दिसली तर कायदा सरळ चालतो. या आजारात तसं घडतच नाही. त्यामुळे समोरचा वकील मुदतीवर बोट ठेवणार हे धरून चला. उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना आहे, कारण पटलं पाहिजे. इथं सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल हाताशी ठेवा. आरोग्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलंय. ॲस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यात जे नंतर येईल तोवर ठेवावी, असा आदेशही आहे. म्हणजे हा आजार उशिरा येतो हे न्यायालयानंच गृहीत धरलंय. उशिरासाठी याहून चांगलं कारण नाही. बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला ती तारीख लिहून ठेवा आणि तिथून पुढे एक आठवडासुद्धा वाया घालवू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्यात आणि वर सांगितलेल्या १९२३ च्या कायद्याची जागा त्यांनी घेतलीय. अर्जात जुनी कलमं, नवी की दोन्ही, हे कागद बघूनच ठरवावं लागेल.

पुरावा: टोळीतले जे हयात आहेत त्यांची शपथपत्रं. कारखान्याकडे त्या वर्षांची ठेकेदारांची बिलं आणि लॅगिंग मालाच्या खरेदीची नोंद लेखी मागा. नाही दिली तर आयुक्तांमार्फत मागवता येते.

फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो. आईंच्या नावानंही अर्ज करता येईल. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. कानडी कागदाचं मराठी भाषांतर तिथंच मागा, न वाचता कशावरही सही करू नका. अमेरिकेतले ते दावे तिकडच्या कंपन्यांशी संबंध आलेल्यांसाठी आहेत, आपल्या प्रकरणाला लागू नाहीत. फी आधी मागणारा एजंट आला तर दारातूनच परत पाठवा.

—

वेदगंगा:

दोघांचेही मनापासून आभार. आप्पांना वाचून दाखवलं. बिडीचं ऐकून त्यांना खूप बरं वाटलं, कारण इतके दिवस ते सगळा दोष स्वतःलाच देत होते.

डॉक्टरांनी कामाचा इतिहास लिहून द्यायचं कबूल केलंय. आप्पा बसून एकेक नाव आठवताहेत. टोळीतले काही गडहिंग्लज, कागल भागातले होते, काही चिकोडी आणि संकेश्वरचे. कितीतरी जण गेले आणि सगळ्यांच्या घरी 'दमा होता' एवढंच माहीत आहे. ती घरंही याच रांगेत आहेत असं आता वाटतं.

तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, मामा १९७८ ते १९९८ च्या दरम्यान कोल्हापूर, सांगली किंवा बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांत ऑफ-सीझनला लॅगिंगला जात असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा. शपथपत्राला साक्षीदार हवेत. आणि त्यांना दम, खोकला, छातीत पाणी असं काही असेल तर आधी छातीचा फोटो काढा आणि डॉक्टरांना कामाचं सांगा. जुना गेट पास, मुकादमाची चिठ्ठी, टोळीचा एखादा फोटो, काहीही सापडलं तर टाकू नका, मला कळवा.