आहारपूरकांची कमाल मात्रा कोणी ठरवायची?

चर्चाप्रस्ताव : सारासार

कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारा आयोग. 'कोडेक्समुळे जीवनसत्त्वांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळेनाशा होणार' ही भीती 2005 पासून अधूनमधून डोके वर काढते. त्या वर्षी जुलैमध्ये रोम येथे कोडेक्स आयोगाने जीवनसत्त्वे व खनिजे असलेल्या आहारपूरकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी 1963 मध्ये उभारलेला हा आयोग कोणत्याही देशात कायदा करू शकत नाही. शिवाय ही तत्त्वे, जिथे आहारपूरके अन्न म्हणून गणली जातात, अशाच देशांसाठी आहेत.

मजकूर वाचला तर भीतीला फारसा आधार सापडत नाही. उत्पादकाने सुचवलेल्या रोजच्या मात्रेत संबंधित घटक संदर्भमूल्याच्या (रोजच्या गरजेसाठी ठरवलेल्या प्रमाणाच्या) किमान 15 टक्के असावा, आणि कमाल मात्रा शास्त्रीय जोखीम-मूल्यांकनातून निघालेल्या सुरक्षित पातळीवरून ठरवावी, असे त्यात म्हटले आहे. केवळ शिफारस केलेल्या दैनंदिन गरजेवरून कमाल मर्यादा ठरवली जाऊ नये, हेही तिथे लिहिलेले आहे. फरक किती मोठा आहे, याचे उदाहरण 'क' जीवनसत्त्वाचे घ्या : अमेरिकी तज्ज्ञांच्या कोष्टकात प्रौढ पुरुषाची गरज 90 मिलिग्रॅम आणि सुरक्षित कमाल पातळी 2,000 मिलिग्रॅम आहे. ग्राहकांच्या बाजूने झालेला हा महत्त्वाचा निर्णय होता आणि विरोधकांनी तो आपला विजय म्हणून मिरवायला हवा होता, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : मोकळीक

आपण मजकूर अचूक सांगितलात, पण मजकूर आणि परिणाम यांत अंतर असते. 1995 पासून जागतिक व्यापार संघटनेच्या अन्नसुरक्षाविषयक करारात कोडेक्सच्या मानकांना संदर्भाचे स्थान आहे. जो देश त्यांना अनुसरतो त्याचे नियम कराराशी सुसंगत मानले जातात. जो अधिक कडक होतो त्याला शास्त्रीय समर्थन द्यावे लागते. अशा व्यवस्थेत 'ऐच्छिक' या विशेषणाला कितीसा अर्थ उरतो?

दुसरे असे की जोखीम-मूल्यांकन हे गणितासारखे एकच उत्तर देत नाही. ब-6 जीवनसत्त्वासाठी अमेरिकी तज्ज्ञांची कमाल पातळी दिवसाला 100 मिलिग्रॅम आहे, तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्ये ती 12 मिलिग्रॅमवर आणली. दोन्हीकडे अभ्यासक माणसे आहेत आणि दोन्हीकडचा विषय मज्जातंतूंना होणारी इजा हाच आहे. तरीही उत्तरांत आठपटींहून अधिक तफावत आहे. कोणत्या अभ्यासावर किती विश्वास ठेवायचा आणि सावधगिरीसाठी किती अंतर राखायचे, हे निर्णय माणसेच घेतात. मग त्यांचा निवाडा प्रौढ ग्राहकावर बंधनकारक का असावा? वेष्टनावर धोका स्पष्ट लिहावा आणि निवड त्याच्यावर सोपवावी.

प्रतिसाद : निरामय

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, त्यामुळे 'प्रौढ ग्राहक स्वतः ठरवेल' या युक्तिवादाकडे थोड्या संशयाने पाहते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत धूम्रपान करणाऱ्या सुमारे 29,000 पुरुषांपैकी काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (शरीरात 'अ' जीवनसत्त्वात रूपांतरित होणारा घटक) देण्यात आले. ते फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते घेणाऱ्यांत हा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. जे मोठ्या चाचणीपूर्वी संशोधकांनाही दिसले नव्हते, ते वेष्टन वाचून ग्राहकाला कसे दिसणार?

त्याच 1994 साली अमेरिकेने आहारपूरकांचा कायदा केला आणि उत्पादन असुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. एफेड्रायुक्त पूरकांवर बंदी यायला त्यानंतर दहा वर्षे, म्हणजे 2004 उजाडावे लागले. अर्थात, एफेड्रा ही वनस्पती आहे आणि कोडेक्सची ही तत्त्वे जीवनसत्त्वे व खनिजे यांच्यापुरतीच आहेत, हे मला मान्य आहे. माझी तक्रार नेमकी हीच आहे की जिथे जोखीम अधिक, तिथे हा दस्तऐवज गप्प आहे.

प्रतिसाद : मोकळीक

मग आपले एफेड्राचे उदाहरण माझ्याच बाजूचे ठरते, कारण जीवनसत्त्वांच्या कमाल मात्रेने तो धोका टळला नसता. आणखी एक उदाहरण पाहा. 1989 मध्ये एल-ट्रिप्टोफॅन या पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या अमिनो आम्लामुळे गंभीर आजाराची साथ आली, तेव्हा ती प्रामुख्याने एका उत्पादकाच्या मालाशी जोडली गेली आणि त्यातील अशुद्धींवर संशय गेला. अशा दोषावर उपाय म्हणजे कारखान्याची तपासणी. कमाल मात्रेचे कोष्टक तिथे निरुपयोगी आहे. नियामकांची शक्ती मर्यादित असते, म्हणून ती भेसळ आणि खोट्या दाव्यांवर खर्च व्हावी.

माहिती दडपण्याचीही किंमत असते. गर्भधारणेपूर्वीपासून घेतलेले फोलिक आम्ल मज्जानलिकेचे (जिच्यापासून बाळाचा मेंदू व मज्जारज्जू बनतात तिचे) जन्मजात दोष टाळते, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने 1991 मध्ये दाखवून दिले. असे ज्ञान ग्राहकापर्यंत पोहोचू देणे हेही नियमांचे काम आहे.

प्रतिसाद : सारासार

व्यापार कराराबाबत आपण एक बाजू सोडून दिली. त्या करारात तक्रार होते ती आयातीवरील निर्बंधाविरुद्ध. एखादा देश कोडेक्सपेक्षा सैल असेल, तर त्याने कोणाचा माल अडवलेलाच नसतो, म्हणून तक्रारीला आधार उरत नाही. अमेरिकेने 1976 मध्येच आपल्या अन्न व औषध प्रशासनाला जीवनसत्त्वांची मात्रा मनमानीपणे बांधून घालण्यापासून रोखले होते. कोडेक्सने ती तरतूद उलटवलेली नाही.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. ज्या देशांकडे स्वतःचे मूल्यांकन करणारी तज्ज्ञ संस्था नाही, ते तयार कोष्टक उचलतात, आणि ब-6 च्या बाबतीत कोणाचे उचलले यावर मर्यादा 12 की 100 हे ठरते. शिवाय इतर अन्नातून किती घटक पोटात जातो, तोही हिशेबात धरावा असे तत्त्वे सांगतात. पोषणमूल्यवर्धित अन्न सर्रास खाणारी लोकसंख्या आणि तसे अन्न न मिळणारी लोकसंख्या यांच्यासाठी एकच आकडा योग्य ठरणार नाही.

प्रतिसाद : निरामय

हे पटते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मोकळीक यांच्या बाजूला झुकत नाही. स्वतःचे आहार सर्वेक्षण नसलेल्या देशाने मर्यादाच ठेवू नये, असे म्हणता येणार नाही. उसनी का होईना, ती ठेवावी आणि आकडा कुठून घेतला हे जाहीर करावे, म्हणजे निदान त्याला आव्हान देता येईल.