निवृत्तीची रक्कम पर्यावरणाला धरून कुठे गुंतवावी?

प्रश्न (निवृत्त शिक्षक, लातूर)
मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८व्या वर्षी निवृत्त झालो असून उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतल्याची) रक्कम गेल्याच महिन्यात खात्यात जमा झाली आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यासाठी गल्लीत लागलेली घागरींची रांग डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून हा पैसा पाणी आणि हवा नासवणाऱ्या उद्योगांत जाऊ नये, असे वाटते. मुद्दल मात्र सुरक्षित राहिले पाहिजे.

उत्तर १ (निवृत्त बँक अधिकारी, परभणी)
गुरुजी, आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे पाहा. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांना लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांतच त्यात पैसे भरता येतात आणि ही मुदत हुकली की साठीपर्यंत थांबावे लागते. ती योजना हरित नाही, पण महिन्याचा किराणा व्याजावर चालणार असेल तर तिला पर्याय नाही.

उरलेल्या रकमेसाठी हरित ठेवी आहेत. रिझर्व्ह बँकेने जून २०२३पासून लागू केलेल्या नियमांनुसार बँकेला हा पैसा सौर व पवन ऊर्जा, सांडपाणी प्रक्रिया अशा कामांसाठीच वापरावा लागतो आणि त्याची त्रयस्थाकडून तपासणी करून घ्यावी लागते. शिवाय नेहमीच्या ठेवींप्रमाणे एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा असतो. केंद्र सरकारचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी सरकारने लोकांकडून घेतलेले कर्ज, जानेवारी २०२३मध्ये आले, तेव्हा पाच वर्षांच्या रोख्यावर ७.१० आणि दहा वर्षांच्या रोख्यावर ७.२९ टक्के व्याज होते. सामान्य माणसाला सरकारी रोखे थेट घेता यावेत यासाठी असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ खात्यातून ते घेता येतात, परंतु मुदतीआधी विकायची वेळ आली तर भाव पडलेला असू शकतो.

उत्तर २ (अंबाजोगाई)
नावात ‘ईएसजी’ (पर्यावरण, समाज आणि कारभार) असलेल्या म्युच्युअल फंडाची समभागांची यादी उघडून पाहावी. पवनचक्क्यांऐवजी बहुधा मोठ्या बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्याच दिसतील. चढउतारही समभागांचाच. आणि जादा व्याजाला भुलून पतसंस्थेत ठेव ठेवू नये, तिथे तो पाच लाखांचा विमा नसतो. आमच्या घरातील एक ठेव अशीच अडकली असून पावती अजून कपाटात आहे.

उत्तर ३ (धाराशिव जिल्हा)
थोडी रक्कम स्वतःच्या गच्चीवर घाला, सर. तीन किलोवॅटच्या सौरसंचाला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि वाचलेल्या वीजबिलावर प्राप्तिकर लागत नाही, हे ठेवीच्या व्याजाशी तुलना करताना विसरू नये. फक्त तुरीच्या राशी चालू असताना पॅनेलवर भुसकट बसते. तेवढे दिवस मी सकाळी ऊन चढण्याआधी ओल्या फडक्याने ती पुसून घेतो.