हेन्री सातव्यानं खरंच काही नवं केलं का?

मोर्शीचा_पोट्टा:
नमस्कार मंडळी. एमए इतिहासाचा अभ्यास चालू आहे, गावातल्याच अभ्यासिकेत बसतो. एक पुस्तक म्हणते इंग्लंडच्या हेन्री सातव्यानं (ट्यूडर घराण्याचा पहिला राजा, 1485 ते 1509) 'नवी राजेशाही', म्हणजे राजाच्या हाती जास्त सत्ता आणणारा नव्या धर्तीचा कारभार, आणली; दुसरं म्हणते त्यानं आधीच्या राजाचं, एडवर्ड चौथ्याचंच पुढं चालवलं. मंग पेपरात लिहू काय? इकडं कोणालेबी विचारलं तर सारे 1857 अन् टिळक-गांधीवाले, ट्यूडरचं नाव काढलं का गप्प. सांगा जी कोणी.

वऱ्हाडी_काका:
बापू, कचेऱ्या नव्या का जुन्या ते मोजत बसू नको, त्या चालवत कोण होतं ते पाय. पार्लमेंट जुनं, राजाचं सल्लागार मंडळ म्हणजे कौन्सिल जुनं, जस्टिस ऑफ द पीस म्हणजे गावोगावचे न्याय पाहणारे तर चौदाव्या शतकापासूनचे, बिनपगारी, आपल्याकडं गावचा पाटील कसा तिथलाच मानाचा माणूस राहे तसे. पैसा एक्सचेकर म्हणजे सरकारी खजिन्यातून न फिरवता राजाच्या चेंबरमधून, म्हणजे त्याच्या खासगी खजिन्यातून, चालवायचा, हेबी एडवर्डनंच बसवलं होतं. हेन्रीची चौदा वर्षं ब्रिटनी अन् फ्रान्समधी परागंदा गेली, राज्य चालवायचा अनुभव काहीच नाही, म्हणून सुरुवातीले कारभार परत एक्सचेकरकडं गेला अन् उत्पन्न घसरलं. मंग 1487च्या सुमारास तो चेंबरवर आला अन् असा चिकटला का चेंबरचा खजिनदार जॉन हेरॉन याच्या हिशोबवहीत पानोपानी स्वतः सही करे. इंग्लंडचा राजा जमाखर्चाच्या पानावर सही करत बसला आहे, हे ध्यानात ठेव. पद्धत एडवर्डची, पण इतकी बारीक नजर याचीच. मी तरी उत्तर इथूनच सुरू करीन.

रेवती_यवतमाळ:
काकांचं पटलं, पण सरदारांचं राहिलंच की. रिचर्ड तिसऱ्याला हरवून हेन्रीनं गादी घेतली ती बॉसवर्थची लढाई 22 ऑगस्ट 1485ची, यानं आपलं राज्य 21 तारखेपासून धरलं, म्हणजे रिचर्डच्या बाजूनं लढलेल्यांना राजद्रोही ठरवता आलं, आणि बऱ्याच जणांच्या जमिनी जप्त. त्यातलाच थॉमस हॉवर्ड, सरेचा अर्ल (मोठा सरदार), लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत होता, 1489 मध्ये त्याला सोडलं आणि उत्तरेत बंडाळी मोडायला पाठवलं, जमिनी मात्र एकदम नाही दिल्या, जसजसं काम दिसलं तसतशा थोड्या थोड्या दिल्या. बाकीच्यांना मुचलक्यांनी बांधलं, नीट वागलात तर ठीक नाहीतर अमुक पौंड भरा. मुचलके आधीच्या राजांनीही घेतले होते, पण ह्याच्या शेवटच्या काही वर्षांत निम्म्याहून जास्त सरदार घराणी असल्या कागदांत अडकलेली होती, आणि माझ्या मते खरा बदल हाच. लॉर्ड बर्गव्हेनीनं 471 माणसं बेकायदा पदरी ठेवली म्हणून 1507 मध्ये सत्तर हजार पौंडांच्या वर दंड! सगळा वसूल नाही केला, 5,000 पौंड हप्त्यानं भरायचे ठरलं, बाकीची टांगती तलवार. हे उदाहरण नक्की लिही.

कास्तकार_वाचक:
कापसाच्या गडबडीत आहो म्हणून थोडक्यात लिहतो. सरदार सरदार करता, पण कर भरणाऱ्याचं कोण सांगन? 1489ले यॉर्कशायरच्या लोकायनं करापायी नॉर्थम्बरलँडच्या अर्लले मारलं. 1497ले कॉर्नवॉलचे लोक, स्कॉटलंडच्या लढाईचा पैसा आमच्याकडून काऊन म्हणून, चालत पार लंडनजवळ ब्लॅकहीथपर्यंत आले. तिथं त्यायले कापलं. राजाचा हात जिथं नवा वाटे तिथं लोक उठत, एवढं तरी उत्तरात येऊ दे भाऊ.

मोर्शीचा_पोट्टा:
लय उपकार सगळ्यायचे. एकच राह्यलं, 1509ले तो मेल्यावर हे सारं टिकलं का?

रेवती_यवतमाळ:
अर्धं. मुचलक्यांची वसुली करणारी कौन्सिल लर्नेड, म्हणजे राजाच्या कायदेपंडितांचं मंडळ, जिथं ज्युरीच नव्हती, ती मोडली. तिच्यातले एम्पसन आणि डडली यांना त्याच्या मुलानं, हेन्री आठव्यानं, लगेच पकडलं आणि 1510 मध्ये मुंडकी उडवली, बरेच मुचलके रद्द केले. राग लोकांचा होताच, पण हुकूम बापाचा आणि जीव नोकरांचा गेला, हे मला अजूनही अन्यायाचंच वाटतं. हेरॉन मात्र चेंबरच्या खजिन्यावर पुढंही बरीच वर्षं तसाच बसून होता.